तोंडात काही नव्हतं

२० एप्रिल २०२५, रविवार

आज गोंदियाला शिबिराला गेलो. आई, बाबा, रंजिता आणि मी. रंजिता माझी धाकटी बहीण, यंदा नववीत गेली. तिला सिकलसेल आहे, रक्ताचा जन्मजात आजार. तिला कळायला लागल्यापासून ती दुखणं आणि सलाईन यांच्या मधल्या वेळात शाळा शिकते आहे. नागपूरचे डॉक्टर म्हणतात, बोन मॅरो बदलणं हा एकच पक्का उपाय, आणि मॅरो सख्ख्या भावंडाचा जुळला तर उत्तम. आम्ही भावंडं दोघंच. म्हणजे मी.

शिबिरातली अल्का सिस्टर दवनीवाड्याची. तिनं बाबांना छान समजावलं. "काकाजी, आधी जुळणी पाहत ना, तवा नुसतं आडनाव पाहत. आता नवीन मशीन आलं. नेक्स्ट जनरेशन सिक्वेन्सिंग. ते नाव, बापाचं नाव, आजाचं नाव, अक्षर न अक्षर वाचते. आडनाव एक असलं म्हणून माणूस एक रायते काय?" बाबा पोस्टातून रिटायर झालेले. आडनाव एक आणि माणूस भलताच, हे त्यांना जन्मभर पुरलंय. ते खूश झाले.

तपासणीला रक्त लागत नाही. गालाच्या आतून कापसाची काडी फिरवतात, पाकिटात घालतात आणि परदेशात पाठवतात. अट एकच, आधी तासभर तोंडात काही नको.

"सर, तंबाखू, खर्रा काही?" अल्का सिस्टरनं विचारलं.

मी काही बोलायच्या आत आईच बोलली. "माया पोरगा सुपारीले बी हात लावत नाई. शाळेतल्या पोरायची सोडवते तो."

मी म्हणालो, "नाही. तोंडात काही नाही."

आणि ते खोटं नव्हतं. स्टँडवर पाण्याच्या बाटलीच्या निमित्तानं मागे राहिलो होतो तेव्हा खर्रा खाल्ला तो खाल्ला, पण नळावर चांगल्या दोन चुळा भरल्या होत्या. तोंडात खरंच काही नव्हतं. काडी फिरवताना मात्र आग आग झाली. "अजून उघडा ना सर," ती म्हणत होती. एवढंच उघडतं, म्हटलं, अक्कलदाढ येतेय. उन्हाळ्यात माझं तोंड येतंच.

१२ मे, सोमवार

बुद्ध पौर्णिमा. विहारात पंचशील मीच सांगतो, शिक्षक म्हणून. मी पुढे म्हणतो आणि मागून सगळे. चौथ्या शीलाला, खोटं न बोलण्याच्या, मी जरा घाई केली. मागच्यांचं माझ्याबरोबर जमेना, गडबड झाली. रंजिता पहिल्या ओळीत पांढरी साडी नेसून बसली होती. आईचीच साडी, तिला मोठी होते. तिनं डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं.

जेवायला आलू-वांग्याची भाजी होती. पंगतीत सगळ्यांच्या भाजीला तिखटजाळ रस्सा आणि माझ्या वाटीत आईनं वेगळी काढलेली, फिकी. तिचं वय झालं, हातचा अंदाज चुकतो. मला उलट बरंच वाटलं.

संध्याकाळी लीलाधरच्या ठेल्यावर गेलो. लीलाधर माझा वर्गमित्र. सुपारी, तंबाखू, चुना एकत्र घोटून त्याच्याइतका बारीक खर्रा आमच्या अख्ख्या नवेगावात कोणी करत नाही. खर्र्याची पन्नी माझ्या हातावर ठेवत म्हणाला, "गुरुजी, जुळला का गा मॅरो?" म्हटलं, यायचंय. निकाल आला की सोडणारच आहे. डॉक्टर सांगतीलच सोडायला, मग कारणही मिळेल.

९ जून, सोमवार

अल्का सिस्टरचा फोन आला. माझा नमुना वाचता आला नाही. मशीनला पुरेशा धड पेशीच मिळाल्या नाहीत म्हणे. रंजिताचा वाचला, आईबाबांचे वाचले, शिबिरातले बाकी सगळेही वाचले. एकट्या माझाच फेल.

फोन स्पीकरवर होता. बाबा ओरडले, "आमच्याच पोराचा काऊन?"

ती म्हणाली, "काकाजी, मी सरांशी एक मिनिट बोलू?" स्पीकर बंद करून मी अंगणात गेलो. ती हळूच म्हणाली, "सर, राग मानू नका. त्या दिवशी तोंडात काही होतं का? सांगा, मी कोणाले सांगत नाई. आपण सरळ रक्त घेऊ."

किती सोपं होतं. 'हो' म्हणायचं होतं फक्त. पण अंगणात आई तांदूळ निवडत बसली होती आणि मला एकदम भयंकर राग आला. आपण शिक्षक आहोत, आपल्याला हे विचारणारी ही कोण, असा राग. म्हटलं, "सिस्टर, मी शाळेतल्या तंबाखूमुक्ती मोहिमेचा प्रमुख आहे. शोभतं का तुम्हाला? तुमची चूक तुम्ही बघा."

ती म्हणाली, "बरं सर."

आत आल्यावर बाबांनी विचारलं, काय म्हणत होती? मी म्हणालो, सारवासारव.

११ जून, बुधवार

बाबांना आता आठवतंय, शिबिरात काड्यांचा खोका ओट्यावर उन्हात ठेवला होता. "एप्रिलचं ऊन. त्यातच खराब झाला. लेखी दे. लेखी दिल्याबिगर कोणी हालत नाई." बाबांचा कागदावर फार विश्वास.

खोका उन्हात होता तर सगळ्यांचेच नमुने खराब झाले असते. हे बाबांच्या लक्षात आलं नाही. माझ्या आलं.

तरी मी अर्ज लिहिला. मराठी माझा विषय. 'संबंधित कर्मचाऱ्याच्या अक्षम्य हलगर्जीपणामुळे एका निष्पाप रुग्ण मुलीच्या जीविताशी' वगैरे. लिहिताना हात छान चालत होता, ह्याची आता लाज वाटतेय. बाबांनी दोनदा वाचायला लावला आणि सही केली. आई म्हणाली, "त्या पोरीचं काही वाईट तर नाई ना होनार?" बाबा म्हणाले, "झालं त झालं. आपल्या पोरीचं काय?"

२७ जून, शुक्रवार

शाळा सुरू. प्रार्थनेनंतर मुलांना तंबाखूमुक्तीची शपथ दिली. शपथेच्या शेवटी दोन्ही हात वर करून मोठ्यानं ओरडायचं असतं. पूर्वी माझा आवाज मैदानाच्या टोकाला जायचा. आता जबडा ओढल्यासारखा होतो. पाचवीतली खुशी म्हणाली, "सर, तुम्ही तोंडातल्या तोंडात बोलून राहिले." पोरं हसली, मीही हसलो.

दुपारी शिबिर भरवणाऱ्या संस्थेतून फोन आला. आपल्या तक्रारीची दखल घेतली आहे, अल्का सिस्टरना शिबिराच्या कामातून कमी केलं आहे. नवीन माणूस येईल तेव्हा पुन्हा नमुना घेऊ, महिना लागेल.

कमी केलं. मला वाटलं होतं रागावतील, फार तर समज देतील. लीलाधरकडे गेलो. आज जास्तच खाल्ला.

६ जुलै, रविवार

जेवताना रंजिताच्या डाव्या हातातली वाटी पडली. आई म्हणाली, नीट धर. तिनं उचलायला हात नेला तर बोटं मिटेनात. मग ओठाची एक बाजू खाली आली. "आई, हे काऊन होऊन राहिलं?" एवढं तिनं विचारलं, तेही बोबडं.

गाडी करून तिला गोंदियाला आणलं, तिथून नागपूरला पाठवलं. मेंदूतल्या नळीत रक्त अडकलं. सिकलसेलमध्ये असं होतं. तिचं रक्त बदलताहेत.

मी बाहेरच्या बाकावर बसलोय. एकच विचार डोक्यात. जूनमध्ये निकाल आला असता तर? डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, तयारीलाच दोन-तीन महिने लागतात, हे टळलं असतं की नाही कोण सांगणार? मी तेच वाक्य घोकतोय. कोण सांगणार. कोणीच सांगू शकत नाही. मग मला झोप का येत नाही?

१० जुलै, गुरुवार

रंजिता बोलायला लागली. हाताची बोटं अजून अर्धीच मिटतात.

मी स्वतःच डॉक्टरांना म्हटलं, काडी-बिडी नको, माझं रक्त घ्या. त्यांनी घेतलंही. रक्ताला खर्र्याचं काही नसतं. मशीन रक्तातलं अक्षर न अक्षर वाचेल आणि मी काय खातो हे त्यात कुठेच येणार नाही. सुई टोचली तेव्हा आनंद झाला. सुटलो, असं वाटलं. मग पलंगावर ती चेंडू दाबायचा प्रयत्न करताना दिसली.

८ ऑगस्ट, शुक्रवार

जुळलं! सगळंच्या सगळं. डॉक्टर म्हणाले, चारात एकालाच असं नशीब मिळतं. मी स्वतः सिकलसेलचा वाहक आहे, त्यानं अडत नाही.

बाबा रडले. मी त्यांना रडताना कधी पाहिलं नव्हतं. आईनं गल्लीभर साखर वाटली. रंजितानं उजव्या हातानं माझी मान आवळली आणि म्हणाली, "तू त माया अक्षर न अक्षर निघाला रे दादा."

बाबा आईला म्हणत होते, "पाह्यलं? पोराचं रक्त खणखणीत. त्या बाईनंच वाटोळं केलं होतं." मी साखर खात होतो. गोड झोंबत नाही, तिखटच झोंबतं.

१५ ऑगस्ट, शुक्रवार

झेंडावंदनानंतर शाळेत माझा सत्कार. शाल, नारळ. सरपंच बोलले, मुख्याध्यापक बोलले. निर्व्यसनी शिक्षक, आदर्श भाऊ, बहिणीला जीवनदान. आई पहिल्या रांगेत, पदर डोळ्याला. खुशीनं माझ्यावर भाषण पाठ केलं होतं.

मला चार शब्द बोलायला सांगितले. मी उभा राहिलो. आता बोलून टाकावं, इथेच, सगळ्यांसमोर, असं आलं मनात. नाही बोललो. म्हणालो, माझं कर्तव्य होतं. टाळ्या पडल्या. लोकांना वाटलं विनयानं थोडक्यात आटोपलं. शाल घरी आल्यावर पेटीत तळाशी टाकली. आईनं काढून खुंटीला लावली, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल अशी.

२ सप्टेंबर, मंगळवार. नागपूर

दात्याची तपासणी. छाती, हृदय, लघवी, सगळं ठीक. शेवटी एक डॉक्टरबाई आल्या. म्हणाल्या, तोंड उघडा. मग म्हणाल्या, तीन बोटं उभी धरून आत घाला. माझी दीडच गेली. बॅटरीनं गाल बघितले, बोट फिरवलं.

"किती वर्षांपासून खर्रा खाता?"

आई शेजारच्या स्टुलावर होती. म्हणाली, "हा नाई खात डॉक्टरीनबाई. हा मास्तर आहे."

"ताई, हे तोंड खर्र्याचंच आहे. गाल आतून लाकडासारखे झालेत. आणि इथे एक पांढरा डाग आहे, त्याचा तुकडा काढून तपासावा लागेल. कॅन्सर निघाला तर यांचा मॅरो घेता येणार नाही."

आईनं माझ्याकडे पाहिलं नाही. तिनं रंजिताच्या फाइलची पिशवी मांडीवर घट्ट धरली आणि विचारलं, "मंग माया पोरीले कोनाचा घेनार?"

डॉक्टरबाईंनी बॅटरी बंद केली. मला मरून जावंसं वाटलं. हे वाक्य लिहिणं सोपं आहे. तेव्हा प्रत्यक्षात मी काय केलं तर रुमालानं तोंड पुसलं.

रात्री व्हरांड्यात बाबांना सगळं सांगितलं. स्टँडवरचा खर्रा, चुळा, सिस्टरनं फोनवर विचारलेलं, मी तिला काय बोललो ते. मला वाटलं रंजिताच्या हातावरून मला मारतील. त्यांनी वेगळंच विचारलं.

"म्हंजे मी त्या पोरीच्या पोटावर पाय देल्ला?"

"अर्ज मी लिहिला होता, बाबा."

"सही माही हाय." मग म्हणाले, "तुया हातानं माह्याकडून पाप करवून घेतलं ना रे रत्नपाल." मला घरात रत्ना म्हणतात. पूर्ण नावानं बाबांनी आज पहिल्यांदा हाक मारली.

११ सप्टेंबर, गुरुवार

तुकड्याचा रिपोर्ट आला. कॅन्सर नाही, पण त्या वाटेवर आहे. आजपासून बंद केलं तर तिथेच थांबेल, गाल मात्र पूर्ववत होणार नाहीत. इंजेक्शनं, तोंडाचे व्यायाम. मॅरो घेता येईल.

तलफ भयानक आहे. वर्गात शिकवताना हात आपोआप खिशाकडे जातो. लीलाधरच्या ठेल्यावरून जायला नको म्हणून तळ्याच्या बाजूनं लांबून येतो. तो ओरडला, "गुरुजी, उधारी मांगत नाई ना बाप्पा, ये त इकडं!" मी पळालो. तीस वर्षांचा माणूस, खर्रा विकणाऱ्याला भिऊन पळतो.

१४ सप्टेंबर, रविवार

बाबा आणि मी दवनीवाड्याला गेलो. अल्का सिस्टर बांधावर होती. हल्ली दुसऱ्यांच्या धानात तण निंदायला जाते. आम्हाला पाहून चिखलाचे हात धुवून आली, "जय भीम काकाजी" म्हणाली आणि घरी नेऊन चहा ठेवला.

बाबांनी हात जोडले. "पोरी, तुह्या नावानं खोटा अर्ज मी देल्ला. आता खरा लिहून आनला. संस्थेतबी देतो." तो मी काल रात्री लिहिला होता. ह्यावेळी एकही अलंकारिक शब्द सुचला नाही. चार ओळींत संपला.

मी म्हणालो, "सिस्टर, तोंडात होतं."

"मले माईत होतं सर. वासच आला होता."

"मग तेव्हाच का नाही बोललात?"

तिनं चहा गाळला, कप आमच्यापुढे सरकवले. "तुमची आई किती कौतुकानं सांगून राहिली होती. त्यांच्यासमोर तुमाले खोटं कसं पाडू? मनात म्हटलं, घेऊन पाहू, येईलबी एखाद्या वेळी. ते माहंच चुकलं. तवाच रक्त घ्यायला पायजे होतं. रंजिताचा हात गेला, आयकलं. तवापासून मलेबी जेवण जात नाई."

तिचा हिशोब असा. माझी लाज राखण्यासाठी ती थांबली, आणि हाताचा दोष ती स्वतःकडे घेऊन बसली आहे. मी म्हणालो, नाही, तुमचं काही चुकलं नाही. ती म्हणाली, "तुमी म्हनल्यानं काय होते सर?" पुन्हा कामावर घेतलं तरी जाईन की नाही सांगता येत नाही, म्हणाली. चहा मला पिववेना. बाबांनी दोन्ही कप संपवले.

निघताना तिनं विचारलं, "किती जुळलं?"

"सगळं."

तिचा चेहरा फुलला. त्या चेहऱ्याकडे बघणं तिच्या रागाला सामोरं जाण्यापेक्षा कठीण होतं.

२१ सप्टेंबर, रविवार

तारीख ठरली. पुढच्या महिन्यात. रंजिताला सगळं कळलंय. मी सांगायच्या आधी आईनं सांगितलं असावं. आठवडाभर ती माझ्याशी धड बोलली नव्हती. मीही तिच्या खोलीत जायचं टाळत होतो.

आज तिनंच हाक मारली. खाटेवर बसली होती, उजव्या हातानं डाव्या हाताची बोटं एकेक करून मिटवत. डॉक्टरांनी सांगितलेला व्यायाम.

"दादा, तुया मॅरो मायात आला का तुयं सगळं येते काय?"

मी शिक्षकासारखा सांगत बसलो. सगळं नाही, फक्त रक्त. तुझ्या हाडांतलं जुनं रक्त बनायचं बंद होणार, माझ्या पेशी तिथे रुजणार, मग तुझं सगळं रक्त माझ्यासारखं. तुझं रक्त त्या मशीनमध्ये घातलं तर मशीन माझंच नाव वाचेल.

"आन ते किती दिवस राहीन?"

"कायमचं. तू आहेस तोवर."

तिनं करंगळी मिटवली. ती लगेच उघडली. तिनं पुन्हा मिटवली, धरून ठेवली आणि खाली बघतच म्हणाली,

"मंग जरा चांगला राहा ना रे, दादा."